आकाशमार्गाची रसद : युद्धकालीन हवाई वाहतुकीच्या इतिहासाची साधने

भुसावळजवळच्या दीपनगर येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाला पुरवठ्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. कोळशाच्या वाघिणी वेळेवर आल्या तर भट्टी पेटती राहते. वाघिणींचा ओघ खंडला की कितीही मोठे जनित्र असले तरी ते थांबते. युद्धाचेही असेच आहे. आघाडीवरील जवानाच्या हाती बंदूक असते. पण त्या बंदुकीची गोळी, त्याच्या पोटातील अन्न, त्याच्या जखमेवरचे औषध आणि प्रसंगी खुद्द तो जवानही कोणीतरी कोठून तरी वाहून आणलेला असतो. एरवी हे काम आगगाड्या, मालमोटारी आणि खेचरे करतात. रस्ता तुटला, डोंगर आडवा आला किंवा शत्रूने वेढा घातला, म्हणजे ते विमानाकडे येते.

या हवाई वाहतुकीचा इतिहास लढाऊ विमानांच्या इतिहासाइतका सांगितला गेलेला नाही. शत्रूचे विमान पाडणाऱ्या वैमानिकाची कथा लगोलग प्रसिद्ध होते. तांदळाची पोती भरून ढगांतून दिवसाला तीन खेपा करणाऱ्या वैमानिकाची नोंद मात्र एखाद्या वहीतील एका ओळीत संपते, आणि ती पोती विमानात चढविणाऱ्या जवानाची तर तेवढीही राहत नाही. ती ओळ शोधून काढणे, तिचा अर्थ लावणे आणि तिच्यामागील माणसे ओळखणे हे या विषयातील संशोधकाचे काम होय. त्याची काही साधने दिल्ली-लंडनच्या दप्तरखान्यांत आहेत. काही साधने मात्र निवृत्त सैनिकांच्या घरी, पत्र्याच्या ट्रंकांत पडून आहेत. ही दुसरी साधने फार काळ टिकणारी नाहीत. म्हणूनच शिक्षक, पंचायत सदस्य आणि गावपातळीवर काम करणारे अधिकारी यांनी या विषयाकडे लक्ष देण्याची निकड आहे.

वाघीण आणि विमान

दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडील हवाई वाहतुकीचा मोठा भार 'डकोटा' या दोन इंजिनांच्या विमानाने वाहिला. हे विमान एका खेपेस अडीच ते तीन टन माल नेत असे. त्या काळची ब्रॉडगेज मार्गावरील चारचाकी मालवाघीण वीस टनांहून अधिक माल घेई. म्हणजे भुसावळच्या यार्डातील एका वाघिणीचा माल आकाशातून न्यावयाचा तर सात-आठ डकोटा लागत. एवढी एक तुलना ध्यानात ठेवली तरी पुढील आकड्यांचे खरे मोल कळते.

एप्रिल १९४२ मध्ये जपानी सैन्याने ब्रह्मदेशातील लाशिओ हे ठाणे घेतले आणि चीनकडे जाणारा ब्रह्मदेशाचा रस्ता बंद झाला. त्यानंतर आसामातील दिंजान, चबुआ इत्यादी विमानतळांवरून चीनमधील कुनमिंगपर्यंत पर्वतरांगांवरून माल नेण्यास सुरुवात झाली. अमेरिकी वैमानिक या मार्गाला 'हंप', म्हणजे कुबड, म्हणत. १९४५ पर्यंत या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल गेला. जुलै १९४५ या एकाच महिन्यात ७१,००० टन माल वाहून नेण्यात आला. या कामी जवळजवळ सहाशे विमाने गमवावी लागली. त्यांपैकी बरीच हवामान, बर्फ व डोंगर यांनी घेतली.

हा मार्ग खानदेशापासून वाटतो तेवढा दूर नव्हता. १९४२ साली बंगालच्या उपसागरात जपानी आरमाराचा धोका असल्याने पुष्कळसे युद्धसाहित्य मुंबई आणि कराची या बंदरांत उतरविले जाई व तेथून रेल्वेने पूर्वेकडे रवाना होई. मुंबईहून नागपूरमार्गे आणि जबलपूरमार्गे कलकत्त्याकडे जाणारे दोन्ही लोहमार्ग भुसावळला फुटतात. पुढे बंगालमध्ये पार्वतीपूर येथे माल मीटरगेजच्या गाडीत चढवावा लागे, आणि अमीनगाव व पांडू यांच्या दरम्यान ब्रह्मपुत्रेवर पूल नसल्याने तो नावांवरून पलीकडे न्यावा लागे. विमानाच्या पोटात शिरण्यापूर्वी त्या मालाला असे कित्येक हात लागलेले असत. त्यामुळे हवाई वाहतुकीच्या इतिहासाचा शोध आकाशात सुरू होत नाही. तो रेल्वेचे यार्ड, गुदाम आणि धावपट्टीच्या कडेचा मांडव येथून सुरू होतो.

१९४४ च्या मार्चअखेरीपासून २२ जूनपर्यंत मणिपूरमधील इंफाळ वेढ्यात सापडले होते. १८ एप्रिल ते ३० जून या काळात तेथे सुमारे १९,००० टन सामग्री विमानाने पोहोचविली गेली आणि परतीच्या खेपांतून सुमारे १३,००० जखमी व आजारी सैनिक बाहेर काढण्यात आले. याच मार्च महिन्यात पाचवी भारतीय डिव्हिजन आराकानच्या आघाडीवरून थेट इंफाळ-दिमापूरकडे विमानांनी हलविण्यात आली. सबंध डिव्हिजन एका रणक्षेत्रावरून उचलून दुसऱ्या रणक्षेत्रावर नेण्याचा हा पहिलाच प्रयोग समजला जातो. रसद टाकण्यासाठी रेशमी छत्र्या पुरेनाशा झाल्या तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाच्या छत्र्या तयार करवून घेण्यात आल्या. रेशमी छत्रीच्या मानाने त्यांची किंमत अगदी थोडी होती, आणि पोती व पेट्या उतरविण्यास त्या चांगल्या उपयोगी पडल्या. शेतात पिकलेल्या तागाने एका वेढलेल्या सैन्याला अन्न पोहोचविले, ही गोष्ट शाळेच्या इतिहासाच्या तासाला सांगण्याजोगी आहे.

सांगशाक : डोळ्यांदेखत हुकलेली रसद

याच मोहिमेतील एका प्रसंगाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. मणिपूरच्या डोंगरात सांगशाक नावाचे गाव आहे. मार्च १९४४ मध्ये तेथे पन्नासावी भारतीय छत्रीधारी ब्रिगेड आणि तिच्याबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण जपानी सैन्याच्या मोठ्या फौजेपुढे उभी राहिली. टेकडीचा माथा खडकाळ असल्याने खोल खंदक खणता येत नव्हते. काटेरी तार नव्हती. पाण्याची टंचाई होती. २२ ते २६ मार्च या दिवसांत तेथे हातघाईची लढाई झाली आणि २६ तारखेच्या रात्री उरलेल्या जवानांना माघारीचा हुकूम मिळाला.

या तुकडीला विमानातून रसद टाकण्यात येत होती. परंतु ठाण्याचे क्षेत्र इतके आकुंचित होते की छत्र्यांना बांधलेल्या पेट्यांपैकी बऱ्याचशा वाऱ्याने हद्दीबाहेर जाऊन शत्रूच्या हाती पडल्या. पाणी आणि दारूगोळा डोळ्यांसमोर उतरत असता तो मिळू नये, याची वेदना आकडेवारीतून कळत नाही. वैमानिकाच्या वहीत त्या खेपेची नोंद 'रसद टाकली' अशी होणार. खाली उभ्या असलेल्या पलटणीच्या दैनंदिनीत तीच खेप 'रसद मिळाली नाही' अशी दिसणार. दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात. हवाई वाहतुकीच्या संशोधनाचा हा पहिला धडा होय : किती माल उचलला, किती टाकला आणि किती पोहोचला हे तीन वेगवेगळे आकडे आहेत, आणि ते तीन वेगवेगळ्या कागदांत सापडतात.

सांगशाकच्या या झुंजीमुळे कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेचे मोलाचे दिवस खर्ची पडले. तरीही तिला लष्करी इतिहासात योग्य स्थान मिळण्यास बरीच वर्षे लागली. हरलेल्या वा सोडाव्या लागलेल्या ठाण्याचे कागद कमी उरतात आणि ज्यांचे कागद कमी त्यांची बाजूही कमी मांडली जाते, हे त्याचे एक कारण होय. वाचलेल्या सैनिकांनी सांगितलेल्या आठवणी आणि पुढे उपलब्ध झालेली दप्तरे यांच्या आधाराने ती बाजू नंतर मांडली गेली.

श्रीनगर, पूंछ आणि लेह

स्वातंत्र्यानंतर अडीच महिन्यांतच हवाई वाहतुकीची कसोटी लागली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सकाळी पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन डकोटा विमाने दिल्लीहून निघाली व श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरली. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय हे त्याच दिवशी कामी आले. हवाई दलाची विमाने पुरेशी नसल्याने नागरी विमान कंपन्यांची विमाने आणि वैमानिकही या कामी लावण्यात आले. त्यामुळे या मोहिमेचा इतिहास लिहिणाऱ्याला केवळ लष्करी दप्तरांवर विसंबून चालत नाही. नागरी विमान कंपन्यांचे कागद आणि त्यांच्या वैमानिकांच्या वह्याही पाहाव्या लागतात.

पूंछ येथे वेढ्यात सापडलेले सैन्य व हजारो निर्वासित यांच्यासाठी डिसेंबर १९४७ मध्ये तात्पुरती धावपट्टी तयार करण्यात आली. ती बांधण्यास सैनिकांच्या जोडीने निर्वासितांचेही हात लागले. एअर कमोडोर मेहेरसिंग यांच्या पुढाकाराने तेथे डकोटा उतरू लागले. २४ मे १९४८ रोजी तेच मेहेरसिंग मेजर जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन हिमालय ओलांडून लेहला उतरले. दहा हजार फुटांहून अधिक उंचीवरील ती धावपट्टी सोनम नोर्बू या स्थानिक अभियंत्याने गावकऱ्यांच्या श्रमांतून तयार करवून घेतली होती. विमान उतरण्यापूर्वी जमीन तयार करणारा माणूस कोण होता, हा प्रश्न या इतिहासात वारंवार विचारावा लागतो.

विमानाच्या शेपटीवरील क्रमांक हाही एक धागा असतो. श्रीनगरच्या त्या पहिल्या उड्डाणाशी 'व्हीपी ९०५' हा क्रमांक निगडित आहे. २०१८ मध्ये दुरुस्त करून भारतीय हवाई दलास भेट देण्यात आलेल्या 'परशुराम' नामक जुन्या डकोटावर तो क्रमांक स्मरणार्थ रंगविण्यात आला. वस्तुतः ते विमान वेगळे आहे; त्याला दिलेला क्रमांक जुना आहे. पुढील पिढीतील एखाद्याने केवळ छायाचित्र पाहून 'हेच ते श्रीनगरला उतरलेले विमान' असे लिहिले तर ती चूक सहज पुस्तकांत शिरेल. विमान आणि क्रमांक यांची सांगड नोंदवहीवरूनच घातली पाहिजे.

टांगाइल : सातशेचे पाच हजार कसे झाले?

मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण १९५२ मध्ये छत्रीधारी रेजिमेंटमध्ये समाविष्ट होऊन 'दुसरी पॅरा (मराठा)' या नावाने ओळखली जाऊ लागली. १९७१ च्या बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर रोजी दुपार कलल्यावर लेफ्टनंट कर्नल के. एस. पन्नू यांच्या नेतृत्वाखाली ही पलटण आणि तिच्या साहाय्यक तुकड्या टांगाइलजवळ आकाशातून उतरल्या. कलाईकुंडा आणि डमडम येथील तळांवरून निघालेल्या या विमानांत एएन-१२, पॅकेट, कॅरिबू आणि डकोटा अशा निरनिराळ्या जातींची विमाने होती. लोहजंग नदीवरील पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडविणे हे उद्दिष्ट होते. विखुरलेले सामान गोळा करण्यास आजूबाजूच्या गावकऱ्यांनी मदत केली. जमालपूरच्या बाजूने जमिनीवरून येणारी पहिली मराठा लाइट इन्फंट्री १२ डिसेंबरला या पलटणीला येऊन मिळाली. एकाच परंपरेतील दोन पलटणी, एक आकाशमार्गाने व दुसरी पायवाटेने, एका पुलापाशी भेटल्या. दुसरी पॅरा पलटण १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांमध्ये होती.

त्या वेळच्या काही परदेशी वृत्तपत्रांत मात्र पाच हजार छत्रीधारी सैनिक उतरल्याचे छापून आले. प्रत्यक्षात उतरलेल्यांची संख्या सातशेच्या आसपास होती. हा फरक कसा पडला, ही गोष्ट प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी अशी आहे. लष्कराच्या जनसंपर्क विभागाकडे या उतरणीचे छायाचित्र उपलब्ध नव्हते. तेव्हा आग्रा येथे पूर्वी झालेल्या ब्रिगेडच्या सरावाचे छायाचित्र वृत्तपत्रांना देण्यात आले. जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी पुढे स्वतःच हे सांगितले आहे. छायाचित्रातील आकाश छत्र्यांनी भरून गेलेले पाहून वार्ताहरांनी संख्येचा अंदाज बांधला, आणि सबंध ब्रिगेड उतरल्याची वार्ता जगभर गेली. युद्धाच्या धामधुमीत या वार्तेने शत्रूच्या मनोधैर्यावर परिणाम केला असेल; इतिहासात मात्र ती तशीच राहू देता येत नाही. छायाचित्र खरे होते, त्यातील सैनिक खरे होते. दिवस आणि स्थळ मात्र निराळे होते. म्हणून छायाचित्र हाती आले म्हणजे ते कोणी, कोठे व केव्हा काढले हे ठरल्यावाचून ते पुरावा म्हणून वापरू नये.

साधने कोणती व कोठे?

या विषयाच्या साधनांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. पहिला वर्ग उड्डाणाच्या नोंदींचा. प्रत्येक वैमानिक स्वतःची उड्डाण-नोंदवही ठेवतो. तीत तारीख, विमानाची जात व क्रमांक, सहकारी, मार्ग आणि उड्डाणाचे तास लिहिलेले असतात, आणि ठरावीक काळाने वरिष्ठ ती तपासून सही करतात. यांखेरीज प्रत्येक स्क्वाड्रनची कारवाई-नोंदवही असते. ब्रिटिश हवाई दलाच्या पद्धतीत 'फॉर्म ५४०' मध्ये दिवसवार गोषवारा व 'फॉर्म ५४१' मध्ये प्रत्येक उड्डाणाचा तपशील लिहिला जाई. हीच पद्धत भारतीय हवाई दलाकडे आली. महायुद्धकालीन ब्रिटिश स्क्वाड्रनांच्या अशा वह्या लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

दुसरा वर्ग भूदलाच्या कागदांचा. यात पलटणींच्या युद्ध-दैनंदिन्या, सामान भरण्याच्या याद्या आणि आर्मी सर्व्हिस कोरच्या हवाई रसद तुकड्यांचे कागद येतात. विमानात माल रचणे, तो दोरांनी जखडणे आणि योग्य क्षणी दाराबाहेर लोटणे हे काम या तुकड्यांचे जवान करतात. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तयार केलेले ग्रंथ अशा दप्तरांच्या आधारे लिहिलेले आहेत. जम्मू-काश्मीरमधील १९४७-४८ च्या कारवाईवरील एस. एन. प्रसाद व धर्मपाल यांचा ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. हवाई दलाच्या १९३३ ते १९४५ या काळाचा एस. सी. गुप्ता यांनी लिहिलेला इतिहास १९६१ चा आहे. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक दप्तरे जतन करण्याचे, सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांनंतर ती खुली करण्याचे आणि युद्धांचा इतिहास वेळेत लिहून घेण्याचे धोरण जाहीर केले. अभ्यासकांच्या दृष्टीने ही महत्त्वाची बाब आहे.

तिसरा वर्ग स्मारकांचा. राष्ट्रकुल युद्ध-समाधी आयोगाच्या नोंदींत दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्या सैनिकांचा क्रमांक, पलटण, दिनांक आणि पुष्कळदा वडिलांचे व गावाचे नावही मिळते. ज्यांची समाधी नाही अशा जवळजवळ २७,००० जणांची नावे म्यानमारमधील तौक्यान येथील रंगून स्मारकावर कोरलेली आहेत. स्वातंत्र्योत्तर काळातील वीरांची नावे फेब्रुवारी २०१९ मध्ये उद्घाटन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहेत.

चौथा वर्ग घरगुती कागदांचा : सेवामुक्तीची पुस्तिका, वेतनपुस्तिका, पत्रे, छायाचित्रे आणि पदके. पदकसुद्धा बोलते. 'पूर्वी स्टार' म्हणजे १९७१ ची पूर्व आघाडी आणि 'पश्चिमी स्टार' म्हणजे पश्चिम आघाडी. 'सामान्य सेवा पदक १९४७' च्या फितीवर 'जम्मू आणि काश्मीर' ही पट्टी असली तर धारकाने तेथील मोहिमेत भाग घेतला होता हे कळते. स्वातंत्र्योत्तर पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक व नाव कोरलेले असते. तो क्रमांक हाती आला की पहिल्या तीन वर्गांतील दप्तरांकडे जाण्याची वाट मोकळी होते.

राजवाड्यांनी दाखविलेली वाट

घरोघरचे कागद जमवून इतिहास लिहिण्याची पद्धत खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून वाडे, मठ व माळे धुंडाळले, आणि वाण्याच्या पुड्या होण्यापासून जी दप्तरे वाचविली ती 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने १८९८ पासून बावीस खंडांत प्रसिद्ध केली. त्यांचे अखेरचे वास्तव्य धुळ्यात होते. १९२६ च्या अखेरीस त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. अस्सल कागद पाहिल्याविना विधान करावयाचे नाही आणि कागद कोठे सापडला हे लिहून ठेवावयाचे, ही शिस्त त्यांनी महाराष्ट्राला लावली. पेशवाईच्या दप्तरांना लागू असलेली ही शिस्त डकोटाच्या नोंदवहीलाही तितकीच लागू आहे. फरक एवढाच की, मोडी दप्तरांनी दोनशे वर्षे धीर धरला. सैनिकाच्या ट्रंकेतील हलक्या कागदावरची शाई तेवढी थांबणार नाही.

माणसे तर त्याहूनही कमी थांबतात. १९७१ साली विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. महायुद्धात भाग घेतलेले सैनिक आता क्वचितच हयात आहेत. त्यांच्याविषयी सांगू शकणारी त्यांची मुलेही वृद्ध झाली आहेत.

गावात करावयाचे काम

हे काम कोणत्याही गावी, अल्प खर्चात होऊ शकते. प्रथम ग्रामपंचायतीने गावातील आजी-माजी सैनिक व वीरपत्नी यांची यादी करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची या बाबतीत मदत होऊ शकते. दीपनगरसारख्या वसाहतीत किंवा भुसावळ व वरणगाव येथील आयुधनिर्माणींच्या परिसरात अनेक प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. तेथे केवळ मूळ रहिवाशांपुरती यादी मर्यादित ठेवू नये.

दुसरी पायरी मुलाखतीची. शिक्षकाने दोन-तीन मोठ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन जावे आणि घरच्यांच्या संमतीने बोलणे ध्वनिमुद्रित करावे. 'युद्धाचा अनुभव सांगा' असा मोघम प्रश्न विचारल्यास मोघमच उत्तर येते. त्यापेक्षा विमानात काय भरले होते, पोते किती वजनाचे होते, ते कशाने बांधले, दारापाशी कोण उभा होता, थंडी कशी होती, परतीच्या खेपेत कोण आले असे साधे प्रश्न विचारावेत. वैमानिकाबरोबरच फिटर, छत्री घडी करणारा, माल चढविणारा, स्वयंपाकी आणि चालक यांनाही विचारावे. विमानाविषयीची सर्वांत नेमकी माहिती पुष्कळदा कधीही विमान न चालविलेल्या माणसाकडून मिळते.

तिसरी पायरी कागदांची. मूळ कागद शक्यतो घराबाहेर नेऊ नये. भ्रमणध्वनीने उजेडात त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे. पाठची बाजू कोरी दिसली तरी तिचेही घ्यावे, कारण तारीख व ठिकाण बहुधा तेथेच लिहिलेले असते. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवू नये आणि पदक घासून चकचकीत करू नये. कागद कोणाकडे, कोणत्या दिवशी पाहिला, हे त्याच वेळी वहीत नोंदवावे.

चौथी पायरी पडताळणीची, आणि तीच सर्वांत नाजूक आहे. समजा, एखादे आजोबा म्हणाले की आम्ही पाच हजार जण टांगाइलला उतरलो. त्यांचे म्हणणे खोडून काढू नये. ते जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि शेजारी दप्तरातील संख्या लिहावी. त्यांनी तो आकडा वृत्तपत्रात वाचला असेल आणि पुढे तो आठवणीत मिसळला असेल. त्यामुळे ते स्वतः उतरले होते या गोष्टीला बाध येत नाही. उलटपक्षी, पेट्या कोठे पडल्या, गावकऱ्यांनी त्या कशा वाहिल्या, रात्री काय खाल्ले, हे ते जे सांगतील ते बहुधा कोणत्याही दप्तरात नसेल. आठवणीतून आकडा घेऊ नये आणि दप्तरातून अनुभव शोधू नये, हा व्यवहारातील नियम होय. सध्याच्या तळांविषयी वा तैनातीविषयी मात्र काहीही विचारू नये आणि ओघात आलेला असा मजकूर लिहूनही ठेवू नये.

जमलेल्या साहित्याची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक जिल्ह्यातील ग्रंथालयात वा संशोधन संस्थेत ठेवावी. दरवर्षी ७ डिसेंबर रोजी ध्वजदिन निधी गोळा केला जातो. त्याच दिवशी गावातील एका तरी माजी सैनिकाची हकीकत शाळेच्या वहीत लिहिली गेली, तर काही वर्षांत गावाचे स्वतःचे दप्तर उभे राहील.

एका कागदाची किंमत

७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेले हवाई दलाचे एएन-१२ जातीचे वाहतूक विमान १०२ जणांसह हिमालयात नाहीसे झाले. पस्तीस वर्षे त्याचा माग नव्हता. २००३ मध्ये गिर्यारोहकांना हिमनदीत त्याचे अवशेष सापडले आणि त्यानंतरच्या शोधमोहिमांतून काही जवानांचे देह हाती आले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आणखी चार देह मिळाले. छप्पन्न वर्षे बर्फात राहिलेल्या त्या जवानांची ओळख पटविण्यास त्यांच्याजवळच्या वेतनपुस्तिकेसारख्या कागदांचे साहाय्य झाले, आणि ते आपापल्या गावी पोहोचून त्यांच्यावर लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले.

एरवी रद्दीत जाणाऱ्या कागदाने येथे हरवलेला माणूस त्याच्या गावाला परत दिला. खानदेशातील घरांतही अशा पुस्तिका, पत्रे आणि पदके आहेत. ती सांभाळणारे हात थकत चालले आहेत. ती ट्रंक उघडण्याची विनंती करून शेजारी बसण्यास लागणारा वेळ एका रविवारच्या दुपारपुरता आहे.